धुराच्या चकत्या

"उद्या तुमचा दिवस ना, म्हणून कालच मास्टर सारपाँगकडे नेऊन हिला अंघोळ घालून आणली," बादू म्हणाला आणि गिअर बदलून त्याने ट्रोट्रो, ती आपली जुनी प्रवासी मिनीबस, चढावर घातली. त्याच्या शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या कोनाडूने आधी नुसतं हं केलं. सोमवारची सकाळ होती, मागच्या बाकांवरच्या बायका टोमॅटोच्या भावावरून भांडत होत्या आणि हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ काचेवर पिठासारखी बसली होती. बादूच्या गाडीत पुढची जागा तिच्यासाठी राखलेली असे. सहा महिन्यांत तिला त्याची सवयच झाली होती. गाडी चढ चढून वर आली तेव्हा ते वाक्य तिच्या डोक्यात कुठेतरी अडकलं. "अंघोळ म्हणजे रे?" तिने विचारलं. "म्हणजे धुतली का?"

"धुतली तर रोजच जाते. अंघोळ म्हणजे आतून. नोझल खोलून साफ केले, एअर फिल्टर झटकला, डिझेलचा फिल्टर बदलला. तुम्ही ते पंपाचं यंत्र घेऊन येणार, पांढराशुभ्र कागद लावणार आणि आमच्या म्हातारीने त्यावर थुंकायचं? बरं दिसतं का?"

"दर महिन्याला करतोस?"

"दर महिन्याला. मी एकटा नाही, आम्ही सहाही जण. सारपाँगकडे रांग लागते तुमच्या दिवसाआधी."

"आणि बाकीचे सहा?"

"ते कशाला जातील? त्यांना तुम्ही काय दिलंय? साधंच तर तेल दिलंय."

कोनाडू त्याच्याकडे बघतच राहिली. चाचणीच्या तेलाच्या डब्यांवर नुसते ठिपके होते, लाल आणि निळे. कुठल्या ठिपक्याच्या तेलात काय आहे ते बारा ड्रायव्हरांपैकी एकालाही सांगितलेलं नव्हतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. डबे तिनेच भरले होते, ठिपके तिनेच काढले होते. "तुला कसं कळलं कुणाला काय दिलंय ते?" तिचा आवाज तिलाच जरा चिरका वाटला. बादू मोकळेपणाने हसला. "अहो, डबा उघडला की कळतं की! न्कुतो आहे त्यात. जन्मल्याबरोबर आईने जे अंगाला चोळलं त्याचा वास विसरेन होय मी? बायकोने पण ओळखला. म्हणाली, आज गाडीत बाळंतीण नेलीस का?"

ती प्रयोगशाळेच्या फाटकाशी उतरली. उतरताना तिने नेहमीप्रमाणे बादूला देव सांभाळो म्हटलं, त्यानेही म्हटलं आणि गाडी निघून गेली. मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'बोलू देत त्यांना' असं लिहिलेलं होतं. धुराचा एक लोट तिच्या अंगावरून गेला. तिने सवयीने तो नाकात ओढून घेतला, डोळे चुरचुरले, पण वास म्हणून काही आला नाही. धुळीचाही नाही. फाटकापाशी बाई केंके विकत बसली होती. आंबवलेल्या पिठाच्या त्या गरम गोळ्यांवरून वाफ निघताना दिसत होती आणि त्याचाही वास आला नाही. आपल्याला शेवटचा वास कधी आला होता, हे कोनाडूला काही केल्या आठवेना. चोपन्न वर्षांची बाई भर रस्त्यात उभी राहून नाकपुड्या फुगवते आहे, हे लक्षात आल्यावर ती घाईने आत गेली.

आत सगळं जागच्या जागी होतं. टेस्टबेडवरचं जुनं इंजिन, भिंतीवरचं घड्याळ, तिची लोखंडी कपाटं. तिने लाल ठिपक्याचा डबा काढून झाकण उघडलं आणि नाक पार आत घातलं. काही नाही. निळा उघडला. काही नाही. दोन्ही डब्यांत तिच्या लेखी नुसता थंडपणा होता, विहिरीत डोकावल्यावर लागतो तसा. मग ती डबा घेऊन डॉक्टर ओबेंगांच्या खोलीत गेली. हे तिचे साहेब, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. परदेशात शिकून आलेले, पण तिला कधी एकेरीत हाक मारली नाही त्यांनी. "जरा हुंगून बघता का?" ती म्हणाली. डॉक्टरांनी संगणकावरची नजर न काढताच हुंगलं. "न्कुतो. शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी. का? काय झालं?" "तुम्हाला पहिल्यापासून येत होता हा वास?" "येणारच ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बारा ड्रायव्हरांना, त्यांच्या बायकांना, साहेबांना, डबे उचलणाऱ्या शिपायालाही. माहीत नव्हतं ते फक्त फिटर अग्यारेच्या मुलीला, ज्या फिटरच्या नाकाबद्दल अख्खं मॅगझिन, म्हणजे गॅरेजांची ती सगळी वसाहत, शपथा खात असे.

पापाचं नाक. कोनाडू आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिला सुआमे मॅगझिनमधली ती शेड दिसली, तेलाने काळी झालेली जमीन, चारी बाजूंना उघडी पडलेली इंजिनं, हातोड्यांचा कायमचा गलका. पापा आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि मग गाडीमागे जाऊन धुराड्यासमोर पांढरा रुमाल धरायचा. ड्रायव्हरला म्हणायचा, दाब. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबायचा, गाडी खोकायची, आणि पापा रुमाल नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. कच्च्या डिझेलचा वास आला तर नोझल. गोडसर जळका वास आला तर रिंगांमधून तेल वर चढतंय. तो बोलेपर्यंत आजूबाजूची माणसं हातोडे थांबवून उभी राहायची. सहा-सात वर्षांची कोनाडू रुमाल धुवायची. डाग कधी जायचे नाहीत. पापा ते रुमाल फेकून न देता तारखा घालून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तीच गाडी आली की जुना रुमाल काढून शेजारी धरायचा. आज तिच्याकडे रुमालांऐवजी गोल पांढरे कागद होते. हातपंपाने ठरलेला धूर त्यातून ओढला की मधोमध करडी चकती उमटते. जेवढी गडद चकती तेवढी काजळी, पांढऱ्याला शून्य आणि ठार काळ्याला दहा. सहा महिन्यांच्या बहात्तर चकत्या तिने एका वहीत ओळीने चिकटवल्या होत्या. साध्या तेलाच्या गाड्यांच्या चकत्या साडेपाचच्या आसपास जिथल्या तिथे होत्या. लाल ठिपक्याच्या गाड्यांच्या चकत्या पहिल्या महिन्यात पाच, मग साडेचार, मग चार, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तीन. ती वही ती कधीकधी उगाचच उघडून बघायची, लग्नाचे फोटो बघावेत तशी.

कारण न्कुतोची कल्पना तिची होती, म्हणजे मुळात पापाची. दमलेलं इंजिन आलं की तो तेलात शियाच्या लोण्याचा एक चमचा टाकायचा. लोक हसायचे. "अग्यारे इंजिनाला न्हाऊ घालतोय," म्हणायचे. "घरच्या बाईला लावा, गाडीला कशाला?" पापा म्हणायचा, "धातूलाही कातडी असते रे बाबांनो." नुसतं लोणी घातलं तर थोड्या दिवसांनी तेलाची खळ होते, तो चमचा कधी लागू पडायचा आणि कधी इंजिनच बंद पाडायचा. पण लागू पडला की गाडी हळू आवाजात चालायची आणि धूर उतरायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी चहा पिताना ती हे डॉक्टरांना सहज बोलून गेली. ओबेंग हसले नाहीत. त्यांनी त्या लोण्यावर प्रक्रिया करून त्याची खळ होणं थांबवलं, इंजिन ऑइलमध्ये शेकडा पाच मिसळलं. आता अहवाल शुक्रवारी मंत्रालयात जायचा होता आणि त्याच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या नावाखाली कोनाडू अग्यारे असं छापलेलं होतं. सत्तावीस वर्षांत तिचं नाव कायम शेवटच्या पानावर, आभारांत यायचं, शिपायाच्या अलीकडे आणि वीज मंडळाच्या पलीकडे. पहिल्या पानाची प्रत तिने घरी नेऊन मुलीला दाखवली होती. मुलगी म्हणाली, "आई, आजोबांचं आडनाव किती छान दिसतंय."

आणि आता त्या बहात्तर चकत्यांतल्या निम्म्या चकत्या न्हाऊन आलेल्या होत्या. नोझल साफ केला की धूर उतरतोच, त्याला तेलाची काही गरज नाही. चमच्याने काय केलं आणि सारपाँगच्या पान्याने काय केलं हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. तिला राग यायला हवा होता. तिने तो आणून बघितला, पण कुणावर धरावा ते कळेना. बादूने काय केलं होतं? कुणी काही दिलं की देणाऱ्याला मान खाली घालायला लावू नये, एवढंच. तीही तशीच वाढली होती. पाहुणा येणार म्हटलं की आई अंगण झाडायची, मुलांची तोंडं खसाखसा पुसायची आणि आमच्याकडे हे रोजचंच आहे असा चेहरा करायची. हे लोक तिला पाहुणा समजत होते. या विचाराने तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटली. पण त्या पाठोपाठ दुसरीच शंका आली. पापाकडे येणारे लोकही असेच आले असतील तर? त्याचा मान राखायचा म्हणून, म्हाताऱ्याने चमचा घातलाय तर चार दिवसांनी दाखवायला नेताना जरा गाडी साफ करून नेऊ, असं म्हणून? आणि पापा डोळे मिटून तो स्वच्छ रुमाल हुंगत, बघा, मी सांगत नव्हतो, असं म्हणत उभा राहिला असेल तर? सगळ्या मॅगझिनने मिळून एका माणसाला आयुष्यभर लाडाने फसवलं असेल तर? तिने वही मिटली. मग उघडली. तीन नंबरची चकती तिला आता रंगवलेल्या तोंडासारखी दिसायला लागली.

न सांगून चालणार होतं का, हाही विचार तिने केला. नीट केला, दोन तास. कुणाला कळणार होतं? बादू तर चांगलं केलं म्हणूनच बोलला होता. शुक्रवारी अहवाल जाईल, नाव छापून येईल, तेल गाड्यांमध्ये पडेल. आणि मग? मग रस्त्यावरच्या गाड्यांना दर महिन्याला कोण अंघोळ घालणार? काळा धूर तसाच राहील, आणि केंके विकणारी ती बाई तो तसाच गिळत राहील. कुणीतरी विचारेल, हे न्कुतोचं तेल कुणाच्या डोक्यातून निघालं, आणि लोक पहिलं पान उघडून पापाचं आडनाव वाचतील. दुपारी ती ओबेंगांच्या दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, नाकाबद्दलसुद्धा. सांगताना तिचे डोळे भरून आले ते नाकामुळेच. बाकीचं तिने कोरड्या डोळ्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. मग एकदम हसायला लागले. "सहा महिने! सहा महिने हे लोक आपल्यासाठी नटूनथटून येत होते, आणि आपण काजळी मोजतोय!" हसू ओसरल्यावर त्यांनी कपाळ चोळलं. "एक करू. उरलेल्या सहा गाड्याही सारपाँगकडून साफ करून घेऊ. सगळ्याच न्हायल्या की तुलना बरोबरीची होईल. पंधरा दिवसांत आटपेल."

"नाही," कोनाडू म्हणाली. आपण साहेबांना इतक्या चटकन नाही म्हटल्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "रस्त्यावर न्हायलेली गाडी असते का कुठे? कुणाची अंघोळ झालेली नको. उद्याचं मोजमाप राहू द्या. दोन महिने नोझलला हात लावायचा नाही कुणी. आणि मग मी न सांगता जाईन."

"शुक्रवारचं काय?"

"तुम्ही मंत्रालयाला कळवा, मी सारपाँगला कळवते. तुमचं काम सोपं आहे."

ते खरंच होतं. मास्टर सारपाँग पापाच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच साठीला आलेला. त्याने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली आणि मगच कशासाठी आलीस म्हणून विचारलं. ऐकून त्याचा चेहरा पडला. "म्हणजे माणसं माझ्याकडे गाडी घेऊन येणार आणि मी म्हणू, जा, घाणेरडीच चालव? तुझ्या बापाने मला हे शिकवलं नाही गं." "बापाचंच विचारायला आले आहे," ती म्हणाली. आणि मग तिने तो प्रश्न विचारला. पापाकडे चमच्यानंतर गाड्या आणताना लोक आधी साफ करून आणायचे का? सारपाँगने हातातला नोझल फडक्यावर ठेवला. तो पटकन नाही म्हणेल अशी तिला आशा होती. "काही जण आणायचे," तो म्हणाला. "मी स्वतः दोन-चार करून दिल्यात. तुझ्या बापाच्या चेहऱ्यावर हसू बघायला बरं वाटायचं गं सगळ्यांना." शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. "त्याला कळायचं का?" तिने विचारलं. "त्या नाकाला?" सारपाँग म्हणाला, "मला वाटतं, कळायचं. पण आपण पाहुणे म्हणून गेलो आणि समोरच्याने अंगण झाडलेलं असलं तर आपण विचारतो का, रोज झाडता का म्हणून?" मग त्याने दोन महिने बाराही गाड्यांना हात न लावायचं कबूल केलं, तेही नाइलाजाने आणि चेहरा वाकडा करून.

ते दोन महिने कोनाडूला वाटलं होतं तेवढे जड गेले नाहीत. अहवाल पुढे ढकलला गेला, मंत्रालयातून एक त्रासिक पत्र आलं, एवढंच. ती नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने नाकात उजेड टाकून बघितलं आणि धुराजवळ किती वर्षं काम करता असं विचारलं. सत्तावीस म्हटल्यावर त्याने नुसती मान हलवली. घरी ती स्वयंपाक करताना मुलीला हाक मारून कोन्तोमिरेची पालेभाजी लागली का बघ म्हणायला शिकली. एका संध्याकाळी तिने न्कुतोचा गोळा तळहातावर घासून वितळवला आणि हात तोंडाशी धरून बसली. वास आला नाही, पण आई आठवली. मुलीच्या जन्मानंतर अंगण भरून पडलेलं ऊन आठवलं, आईचे तुपकट हात आणि त्या इवल्याशा पाठीवरून ते कसे सरकायचे तेही. नाकाशिवायही एवढं येत होतं. ती खूप वेळ तशीच बसून राहिली, आणि आत बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं. पापाला कळत असणार, हे तिला हळूहळू पटत गेलं. साफ करून आणलेली गाडी कुठली आणि चमच्याने सुधारलेली कुठली हे त्याला वेगळं करता येत असणार. नाहीतर त्याने चमचा कधीच सोडून दिला असता. तिला ते नाक मिळालं नव्हतं. कागद मिळाला होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, पिशवीत हातपंप घालून ती निघाली. आधी निळ्या ठिपक्याच्या गाड्या केल्या, मग लालच्या. ड्रायव्हर एकमेकांना फोन करत सुटले, पण एवढ्या थोड्या वेळात नोझल कोण खोलणार? कुणी हसले, कुणी कुरकुरले, एकाने तर तिला बघून गाडीच दुसऱ्या रांगेत लपवली. निळ्याच्या सहाही चकत्या साडेपाचच्या आगेमागे आल्या, होत्या तशाच. लालच्या पाच गाड्यांच्या चकत्या तिने बघितल्याच नाहीत, कागद पालथे घालून पाकिटात टाकले. बादूची गाडी शेवटची होती. ताफोच्या थांब्यावर तो बोनेटवर रेलून तांदूळ-चवळीचा भात खात होता. तिला पंप काढताना बघून त्याचा घास हातातच राहिला.

"आज नको हो मॅडम! आज ती तयार नाहीये."

"म्हणूनच आले. बस आत. दाब."

"अहो, दोन महिने तो सारपाँग हात लावत नाहीये. छातीत कफ भरलाय तिच्या. असं अचानक कुणाच्या घरात शिरतात का? तुम्ही तरी असं वागावं?"

"बादू, दाब."

तो कुरकुरत आत बसला. तिने धुराड्यात नळी बसवली, पांढरा कागद लावला आणि हात वर केला. त्याने तीनदा दाबलं. गाडी खोकली, घरघरली, आसपासची माणसं मागे सरकली. तिने दट्ट्या ओढला, कागद बाहेर काढला आणि तिथेच, उन्हात, छटांच्या पट्टीशी धरला. मग पाकिटातले पाच कागद काढून बोनेटवर शेजारी शेजारी मांडले. चार. सव्वाचार. चार. साडेचार. सव्वाचार. आणि बादूची सव्वाचार. तिने तळहाताने डोळ्यांवर सावली केली आणि पुन्हा बघितलं. तीन नव्हती. पण साडेपाचही नव्हती. मधली होती, अगदी मधली. निम्मं त्या सहा जणांनी मानाने केलं होतं आणि निम्मं खरोखर तेलाने केलं होतं. पापाच्या चमच्याने केलं होतं. ती गाडीच्या पायरीवर बसली, आणि भर थांब्यावर, बायकामाणसांसमोर मोठ्यांदा हसली.

बादू खाली उतरून आला होता. कागदावरची करडी चकती बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. "आधीच्या केवढ्या गोऱ्या होत्या," तो हळूच म्हणाला. "ही नका चिकटवू वहीत. मंत्री बघतील. उद्या या, मी सारपाँगच्या पायांवर डोकं ठेवतो, पण हिला न्हाऊ घालून आणतो."

"हीच चिकटवणार," ती म्हणाली. "आजवरच्या सगळ्यांत ही देखणी आहे." आणि तिने मांडीवर वही उघडून सहाही चकत्या ओळीने चिकटवल्या, बादूची सर्वांत शेवटी. तारीख घातली, गाडीचा नंबर घातला. बादू तिच्या खांद्यावरून बघत होता आणि त्याच्या मनातून ते काही केल्या जात नव्हतं.

"मग एक तरी करा, ताई," तो म्हणाला. तो तिला पहिल्यांदाच ताई म्हणाला होता. "निदान लिहा तिथे. नाहीतर लोकांना वाटेल, ती नेहमीच अशी असते."

कोनाडूने पेन पुन्हा उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे एरवी ती हवा आणि उष्णता लिहायची, तिथे तिने सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'गाडीची अंघोळ झालेली नव्हती.' बादूने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग त्याची मान डोलली, त्याने उरलेला भात संपवला आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं.